चाचणीपुरते निधन

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी नवलराव बोरसे यांनी टाकळीच्या तोताराम झुलाल यांना मारले. अशा नावाचा कोणी मनुष्य या भूतलावर नाही, असे त्या वेळी त्यांचे प्रामाणिक मत होते.

घटनास्थळ म्हणजे जळगावच्या पिंप्राळा भागातील त्यांच्या घराची वरची खोली. नवलराव भौतिकशास्त्राचे एम.एस्सी., आणि पुण्याच्या एका कंपनीचे सर्व्हर ते या खोलीत बसून सांभाळत. ते सर्व्हर 'क्लाउड'मध्ये होते. म्हणजे कुठल्याशा दूरच्या इमारतीत, कधीही न पाहिलेल्या यंत्रांवर. त्या यंत्रांवर नवा प्रोग्रॅम चढवण्याचे काम पूर्वी माणसे करीत आणि चुकत. आता ते आपोआप एकामागून एक होणाऱ्या पायऱ्यांनी होते, आणि त्या साखळीला पाइपलाइन म्हणतात. शेजारचे मिश्रीलालजी कापडाचे व्यापारी. त्यांना नवलरावांनी हे जिनिंगच्या उदाहरणाने समजावले होते: या टोकाला कापूस घातला, की त्या टोकाला बांधलेली गाठ बाहेर पडते, मध्ये कोणी हात लावायचा नाही.

"आणि मधे हात अडकला तर?" मिश्रीलालजींनी विचारले होते.

प्रश्न अशास्त्रीय नव्हता. नवलरावांनी तो हसण्यावारी नेला, एवढेच.

नवलरावांच्या समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष रुपचंद नाना धुळ्याचे. निधनाच्या बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर शुभ सकाळच्या गुलाबांखाली गाडल्या जातात, लोकांना तिसऱ्या दिवशी कळते आणि मग जन्माचे अबोले होतात, ही त्यांची तक्रार होती. नवलरावांनी मंडळासाठी विनामूल्य 'वार्ता' नावाचे ॲप करून दिले. निधनाची बातमी ते अकराशे घरांतल्या फोनवर एकाच क्षणी पोहोचवत असे. वृद्धांना वाचता येत नाही, म्हणून ते बोलून दाखवत असे. आणि नानांच्या खास आग्रहाखातर, फोनचा आवाज बंद असला तरी बोलत असे. आवाज बाईचा होता. शांत, स्वच्छ, कोणत्याही गावाचा नसलेला आवाज. जी कधी जन्मलीच नाही, तिने दुसऱ्यांचे मरण सांगावे यात काही विचित्र आहे, असे नवलरावांना वाटले नाही. त्यांनी फक्त तिचा वेग दहा टक्क्यांनी कमी केला.

प्रत्येक सुधारणा लोकांपर्यंत जाण्याआधी पाइपलाइन तिची रंगीत तालीम घेई. तालमीच्या सर्व्हरवर एक खोटे निधन जाहीर होई आणि ते नीट पोहोचले तरच गाडी पुढे जाई. खोटे नाव खरे वाटावे म्हणून नवलरावांनी समाजाची सूची वापरली. त्यातले सत्तरी ओलांडलेले चारशे बारा जण घेतले. एका पानावरून नाव, दुसऱ्यावरून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, तिसऱ्यावरून गाव. असा जगात नसलेला म्हातारा प्रोग्रॅमने जुळवायचा. योजना निर्दोष होती. मात्र तालमीचा सर्व्हर उभारताना त्यांनी खऱ्या सर्व्हरची नक्कल केली, आणि तिच्याबरोबर अकराशे फोन नंबरही आले. नाटकाची तालीम चालू होती आणि प्रेक्षागृह भरलेले होते.

त्या मंगळवारी चोपड्याहून अमळनेरला निघालेल्या एसटीत एकाच समाजाची चौदा माणसे होती. चौदा खिशांतून एकाच वेळी तीच बाई बोलली: "कळविण्यास अत्यंत दुःख होते, की टाकळी, तालुका चाळीसगाव येथील तोताराम झुलाल बोरसे, वय अठ्ठ्याहत्तर, यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे." वाहकाने घंटी दिली नसतानाच म्हणे गाडी थांबली. चालकाला का थांबलो ते कळले नाही; पण चालू करायलाही त्याचा हात लगेच उठला नाही.

दुपारी दीडपर्यंत एकवीस माणसे पांढऱ्या टोप्या घालून टाकळीत पोहोचली. मारुतीच्या पारावर कोणी नव्हते. गल्लीत सगळी दारे ओढलेली, आणि वेशीजवळचे कुत्रेसुद्धा भुंकले नाही. मयताच्या घराच्या ओट्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे तोताराम आबा बसले होते. तीन आठवडे त्यांनी अंथरूण सोडलेले नव्हते. आज साडेअकराला ते आपले आपण उठून बसले होते आणि सुनेकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मागत होते.

कोणीतरी हातातला हार पाठीमागे लपवला.

"दखाडा ना," आबा म्हणाले. "मी मरेल शे का जित्ता शे, ते एकदाव मालेच ईचारी ल्या."

येथे एका समजुतीचा उल्लेख अपरिहार्य आहे. माणूस मेल्याची खोटी बातमी उठली, की त्याचे आयुष्य वाढते, असे आपल्याकडे मानतात. नवलराव मानत नसत. या विषयावर त्यांनी अमळनेरच्या कॉलेजात व्याख्यान दिले होते आणि टाळ्या पडल्या होत्या. पण टाकळीने त्यांच्यावर दावा लावण्याऐवजी केळीचे दोन घड पाठवले, तेव्हा ते परत करण्याइतके शब्द त्यांना सुचले नाहीत.

"घड ठेवून घ्या," त्यांच्या पत्नी सारिकाताई म्हणाल्या. "विज्ञानाला केळी चालतात."

नवलरावांनी दोष शोधला आणि फोन नंबरांची यादी पुसून तालमीत फक्त स्वतःचा नंबर ठेवला. पण ही दुरुस्तीही पाइपलाइनमधूनच जायची होती, आणि पाइपलाइन दुरुस्ती चढवण्याआधी तालीम घेते, ती अर्थातच जुन्या यादीवर. हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा बोट बटणावरून उचलले गेले होते आणि खाली अंगणात सारिकाताईंचा फोन बोलू लागला होता. "अमळनेर येथील सुनंदाबाई गोकुळ पवार, वय एकाहत्तर..."

घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. नवलराव रोज त्याच सुमाराला चहा संपवून कामाला बसत, त्यामुळे यात आश्चर्य करण्यासारखे काही नव्हते. त्यांनी स्वतःला तसे दोनदा सांगितले.

सुनंदाबाईही खऱ्याच निघाल्या. त्या शुक्रवारी त्यांच्या पोटातल्या गाठीचा अहवाल यायचा होता. तो आला आणि गाठ साधी निघाली.

यानंतर पिंप्राळ्याच्या त्या गल्लीत रिक्षा थांबू लागल्या. माणसे चपला बाहेर काढून, आवाज खाली ठेवून येत आणि चिठ्ठी पुढे करत. चिठ्ठीवर नाव, वय, गाव. एका मुलाने वडिलांचा फोटोही आणला. "साहेब, एकदाच टाका. आतापर्यंत कोणाचं वाईट केलं नाही त्यांनी." एक आजीबाई स्वतःच आल्या आणि आपल्या सुनेला कळू नये म्हणून बातमी 'हळू आवाजात' द्यावी असे म्हणाल्या. नवलरावांनी प्रत्येकाला खुर्ची दिली, योगायोगाचे गणित समजावले आणि चिठ्ठी परत केली. लोक गणित ऐकून घेत, मान डोलावत आणि चिठ्ठी जिन्याच्या कठड्यात खोचून जात.

"साब, चालू चीज बंद कशाला करता?" मिश्रीलालजी म्हणाले. "आमच्या घरवालीला, लाडकुंवरला कालपासून गुडघा धरलाय. मोठं काही नाही. छोटीशी बातमी टाका ना."

"मिश्रीलालजी, छोटे निधन नसते."

"अच्छा. मग राहू द्या," मिश्रीलालजी थोडे नाराज होऊन म्हणाले.

अशात तहसील कार्यालयाचे पत्र आले. कोणा जागरूक नागरिकाने बातमी कळवल्यामुळे तोताराम आबांचे नाव मतदार यादीतून वगळण्याची कार्यवाही सुरू झाली होती. नवलरावांनी मृत्यूचा दाखला सादर करावा, अथवा मृत्यू झाला नसल्यास तसा दाखला सादर करावा. नवलराव चाळीसगावला गेले. मृत्यू न झाल्याच्या दाखल्याचा नमुना कार्यालयात नव्हता. लिपिकाने सहानुभूतीने ऐकले आणि साध्या कागदावर लिहून घेतले, की सदर इसमाचे निधन केवळ चाचणीपुरते होते. मग शेजारच्या टेबलाकडे पाहून आवाज खाली आणत तो म्हणाला, "सर, माझ्या आईचंही एक बघता का?"

परतीच्या गाडीत नवलरावांनी वहीत हिशेब मांडला. तीन वेगवेगळ्या पानांवरून जुळवलेले नाव खऱ्या माणसाचे निघण्याची शक्यता साधारण साडेतीनशेत एक. सलग दोनदा तसे होण्याची शक्यता सव्वा लाखात एक. त्यांनी आकड्याखाली रेघ ओढली आणि वही मिटली. बाहेर वाकून आलेली केळीची पाने वाऱ्याशिवाय हलत होती. वारा होता, पण काच बंद असल्यामुळे तो जाणवत नव्हता, हेही त्यांनी नोंदवले.

घरी येऊन त्यांनी पाइपलाइनमध्ये एक फाटक बसवले. आता तालमीतली बातमी माणसाने 'मंजूर' म्हटल्याशिवाय कुठेच जाणार नव्हती. पाच तासांत मंजुरी मिळाली नाही तर ती आपोआप रद्द होणार होती. मंजुरीचे बटण त्यांच्याचकडे राहिले; पण कारभार एकट्याच्याच माहितीत नको, म्हणून फाटकावर थांबलेल्या बातमीची सूचना रुपचंद नानांनाही जाईल अशी तजवीज त्यांनी केली. ही शिस्त होती. तिचा पुढे काय उपयोग होईल, हे शिस्तीला कळत नाही.

तिसऱ्यांदा पाइपलाइन चालू केली ती सोमवारी. फाटकावर बातमी येऊन थांबली आणि नवलरावांनी पडद्यावर वाचली.

कमलबाई सुपडू देवरे. धुळे. वय एक्याऐंशी.

कमलबाई म्हणजे त्यांच्या आत्या, अक्का. नवलरावांची आई ते चार वर्षांचे असताना गेली. अक्काला मूल नव्हते, नवरा लवकर वारला. देवपुरातल्या दोन खोल्यांत तिनेच त्यांना वाढवले आणि नातेवाइकांशी भांडून सायन्सला घातले.

या वेळी त्यांनी गणित केले नाही. त्यांनी प्रोग्रॅम उघडला, आणि चूक दहा मिनिटांत सापडली. नाव, नवऱ्याचे नाव आणि गाव वेगवेगळ्या पानांवरून उचलायचे होते. प्रोग्रॅम तिन्ही वेळा एकाच ओळीवर बोट ठेवत होता. म्हणजे त्यातून खोटा माणूस कधीच निघणार नव्हता. प्रत्येक वेळी सूचीतला खराच माणूस निघत होता, आणि सत्तरीपुढचा माणूस आजारी असणे ही बातमी नव्हे. सगळे उलगडले होते. अक्का निघण्याची शक्यता चारशे बारात एक. लोकांना लॉटरी याहून अवघड लागते.

त्यांनी खुर्चीला पाठ टेकली तेव्हा फोन वाजला. नाना होते.

"नवल, अक्काले सकाळी दवाखान्यात आणलंय. छातीत दुखलं. अकरा-सव्वाअकराची गोष्ट. आणि आत्ता मला तुझ्या मशीनची सूचना आली. नाव वाचलं मी. माझ्या फोनवर इथं बठ्ठास्नी वाचलं, सगळ्यांनी. तू बटण दाबलं का नाही अजून?"

"नाना, ते फक्त..."

"मी विचारलं, दाबलं का?"

नवलराव धुळ्याला निघाले. सारिकाताईंनी लॅपटॉपच्या पिशवीत चार्जर घातला. इतर वेळी तो त्या कधी घालत नसत.

एरंडोल गेले, पारोळा गेले. नवलराव खिडकीपाशी बसून विचार करीत होते, आणि मुकटीच्या आसपास त्यांना तोडगा सापडला. फोन नंबरांची यादी आता दुरुस्त होती. तालमीत एकच फोन उरला होता, त्यांचा स्वतःचा. बटण दाबले तर बातमी फक्त त्यांच्याच खिशात वाजणार. अक्काचे मन राहील, नानांचे राहील, आणि समाजात खोटी बातमी पसरवल्याचा दोष त्यांच्या माथी येणार नाही. तत्त्व आणि आत्या दोन्ही शाबूत. आपल्या बुद्धीचे त्यांना थोडे कौतुकही वाटले.

दवाखान्यातल्या बाहेरच्या बाकांवर तीसेक माणसे बसली होती. प्रत्येकाने फोन हातात उलटा धरला होता, जणू तो गरम असावा. नवलराव समोरून गेले तेव्हा तीस चेहरे त्यांच्याबरोबर वळले.

आत अक्का होती त्याहून लहान दिसत होती. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, इंजेक्शन दिले आहे, पण ठोके अजून बसत नाहीयेत. पुढचे दोन-तीन तास महत्त्वाचे. यंत्रावरची हिरवी रेघ मधूनच चुकत होती आणि ती चुकली की नर्स मान वर करी.

"ऊना का तू," अक्का म्हणाली.

"आलो अक्का. बोलू नको."

"नाना सांगे, तुना मशीनमा मनं नाव निघनं म्हने."

"ती चूक आहे अक्का. सापडली मला. सूचीत..."

"चूक ऱ्हाऊ दे." तिने त्यांचे मनगट धरले. हात थंड होता. उभ्या आयुष्यात अक्का कशाला भ्यायलेली नवलरावांनी पाहिली नव्हती. विंचवाला ती चिमट्याने उचलून टाकत असे. "नवल, माले भ्याव वाटस रे. दाब ना ते."

चार वाजून नऊ मिनिटे झाली होती. फाटक बंद व्हायला अकरा मिनिटे उरली होती. नवलरावांनी लॅपटॉप पलंगाच्या कडेला ठेवला आणि 'मंजूर'वर बोट टेकले.

क्षणभर काहीच झाले नाही. मग त्यांच्या शर्टाच्या खिशातून ती बाई बोलली, नेहमीच्याच शांतपणे, दहा टक्के हळू.

"कळविण्यास अत्यंत दुःख होते, की धुळे येथील कमलबाई सुपडू देवरे, वय एक्याऐंशी, यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे."

नर्सच्या हातातला कागद हलायचा थांबला. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. अक्का डोळे मिटून, पुराण ऐकावे तशी ऐकत होती.

"दोन आंडोर कोठला?" ती म्हणाली. "एकच शे. तू."

नवलरावांनी खिशातला फोन काढून पलंगावर उलटा ठेवला.

अक्काने डोळे उघडले. ती काहीतरी ऐकायचा प्रयत्न करत होती. पलंगाशी नाना उभे होते, दारापलीकडे तीस माणसे होती, आणि एकाही हातातला फोन बोलत नव्हता. तिने नानांच्या फोनकडे पाहिले. मग नवलरावांकडे. लहानपणी परीक्षेच्या निकालाचा कागद ते पाठीमागे लपवून उभे राहत, तेव्हा ती अशीच पाहत असे. रागावत नसे. फक्त वाट पाहत असे.

हिरवी रेघ चुकली. नर्स पुढे आली.

यादी पुन्हा भरायची म्हणजे दुरुस्ती, मग पाइपलाइन, मग तालीम, मग आणखी कोणीतरी चारशे बारातला एक. वीस मिनिटे कमीत कमी. नवलरावांनी लॅपटॉप मिटला आणि ते बाहेर आले.

बाकांवरची माणसे उभी राहिली. नवलरावांच्या मागून नानाही बाहेर आले. नवलराव त्यांच्यासमोर उभे राहिले. अमळनेरच्या व्याख्यानात दोनशे मुलांसमोर जो आवाज कापला नव्हता, तो आता कापला.

"नाना," ते म्हणाले, "अक्का गेली."

नानांनी दाराच्या काचेतून आत पाहिले. अक्का त्यांच्याचकडे पाहत होती. नानांनी सावकाश टोपी काढली. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते भरणे खरे होते, याबद्दल नवलरावांना पुढेही कधी शंका आली नाही. मग नाना फोन कानाला लावून म्हणाले, "रावसाहेब? हां. अक्का गयी रे. कमलबाई. हां, आत्ताच. तू साक्रीकडे सांग."

तिसांपैकी प्रत्येकाने एकेक नंबर लावला. बायकांनी पदर तोंडाला लावले. एकीने सूर काढला आणि तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. नवलराव एकेकाकडे जाऊन सांगत होते. "अक्का गेली." वॉर्डबॉयला सांगितले. औषधांच्या खिडकीतल्या माणसाला सांगितले. जिन्यात भेटलेल्या, अक्काला न ओळखणाऱ्या एका गृहस्थाला सांगितले, तेव्हा त्याने हात जोडले. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल. एकोणीस मिनिटांत समाजात न कळलेले एक घर उरले नाही.

पाच वाजता डॉक्टर म्हणाले, ठोके बसले आहेत. इंजेक्शनला साधारण इतका वेळ लागतोच. नवलरावांना ते पूर्ण पटले. त्यांनी डॉक्टरांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

सहापर्यंत दवाखान्याच्या अंगणात दोन जीपा भरून माणसे उतरली होती. हार होते, पांढऱ्या टोप्या होत्या. साक्रीकडचे एक दूरचे मामा सगळ्यांत पुढे होते. ते नवलरावांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "मोठं झाड गेलं, भाऊ. केव्हा गेल्या?"

"चार वाजून दहा मिनिटांनी," नवलराव म्हणाले.

"आणि दिवसकार्य, गंधमुक्ती कोणत्या दिवशी धरली?"

नवलरावांनी काचेतून आत पाहिले. अक्काने नर्सकडून उशी उंच करून घेतली होती आणि बशीत चहा ओतून ती फुंकर मारत होती.

"अजून ठरलं नाही," ते म्हणाले.